फ्लटरचे सॅम्पल ॲप: कसे बनते, कसे चालते आणि कुठे अडते?

‘दहा मिनिटांत स्वतःचे मोबाइल ॲप बनवा’ अशा रील्स रोज दिसतात. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप होते, पुढच्याच क्षणी फोनवर फिकट जांभळ्या पट्टीचे ॲप उघडते आणि खालचे अधिकचे बटण दाबले की मधला आकडा वाढतो. हे ॲप खरेच आहे आणि ते फुकट बनवता येते. पण त्या दोन दृश्यांच्या मध्ये जे कापलेले असते, तिथेच बहुतेक नवशिक्यांची गाडी अडते. अनेक जण तिथूनच परत फिरतात. आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही, अशी त्यांची समजूत होते. प्रत्यक्षात अडचण प्रोग्रामिंगची नसतेच. ती कधी केबलची, कधी फोल्डरच्या नावाची, तर कधी नुसत्या धीराची असते.

फ्लटर म्हणजे नेमके काय?

अँड्रॉइडसाठी ॲप लिहायचे तर कोटलिन किंवा जावा, आणि आयफोनसाठी स्विफ्ट, अशी सरळ विभागणी आहे. म्हणजे एकच ॲप दोनदा लिहायचे, दोनदा तपासायचे आणि चूक सापडली की दोन्हीकडे दुरुस्त करायची. हे टाळण्यासाठी जी साधने निघाली त्यांना क्रॉस-प्लॅटफॉर्म फ्रेमवर्क म्हणतात. फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह खुले केले. गूगलचे फ्लटर त्यानंतर आले. त्याची पहिली पक्की आवृत्ती, म्हणजे १.०, डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झाली. फ्लटरची भाषा डार्ट. ती गूगलनेच २०११ मध्ये आणली होती, पण फ्लटर येईपर्यंत तिला फारसे कोणी विचारत नव्हते.

दोन्हींतला मुख्य फरक चित्र काढण्याचा आहे. रिॲक्ट नेटिव्ह फोनमधलीच बटणे आणि चौकटी वापरते. फ्लटर मात्र फोनकडून जवळजवळ कोरा कागद मागून घेते आणि प्रत्येक बटण, अक्षर, सावली स्वतः रंगवते. त्यामुळे एकच ॲप दोन्ही प्रकारच्या फोनवर सारखेच दिसते. तोटाही त्यातच आहे: फोनच्या कंपनीने बटणांचे रूप बदलले तरी फ्लटरचे ॲप आपोआप बदलत नाही.

बसवताना

फ्लटरची मांडणी चार गोष्टींवर उभी असते: फ्लटरचा एसडीके, गिट, अँड्रॉइड स्टुडिओसोबत येणारी अँड्रॉइडची साधने आणि कोड लिहिण्यासाठी एखादा एडिटर. सगळे विनामूल्य आहे, पण डाउनलोड मिळून काही जीबी होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम काढण्याआधी दिवसाचा डेटा किती उरला आहे ते पाहिलेले बरे.

विंडोजवर एसडीकेचे फोल्डर कुठे ठेवले याला महत्त्व आहे. फोल्डरच्या पत्त्यात मोकळी जागा किंवा विशेष अक्षरे नसावीत, आणि ‘प्रोग्राम फाइल्स’सारख्या जादा परवानगी मागणाऱ्या जागी तर ते मुळीच ठेवू नये. पुष्कळांच्या विंडोजमध्ये वापरकर्त्याचे नावच ‘नाव आडनाव’ असे मध्ये जागा सोडून असते आणि एसडीके त्या नावाच्या फोल्डरखाली जाऊन बसतो. तेव्हा सी ड्राइव्हवर थेट ‘डेव्ह’सारखे छोटे फोल्डर करून त्यात ठेवणे सोपे पडते. त्यानंतर एसडीकेमधल्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता संगणकाच्या ‘पाथ’ यादीत घालायचा आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडायचे. ही शेवटची पायरी राहून जाते. मग संगणक सांगतो की ‘फ्लटर’ नावाची आज्ञाच माहीत नाही, आणि बसवणे फसले असे वाटून लोक सगळे काढून नव्याने सुरुवात करतात.

(या लेखात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप कराव्या लागतात.)

बसवून झाल्यावरची पहिली आज्ञा म्हणजे ‘फ्लटर डॉक्टर’. ती संगणकाची तपासणी करते आणि काय आहे, काय नाही याची यादी देते. हिरवी बरोबरची खूण म्हणजे ठीक, लाल फुली म्हणजे गायब, पिवळे उद्गारचिन्ह म्हणजे अर्धवट. सगळ्या ओळी हिरव्या होईपर्यंत थांबायची गरज नसते. अँड्रॉइड फोनवरच ॲप चालवायचे असेल तर विंडोज ॲपसाठी लागणाऱ्या व्हिज्युअल स्टुडिओची ओळ लाल राहिली तरी चालते. ‘अँड्रॉइड टूलचेन’ची ओळ मात्र हिरवी हवी. तिथे दोनच तक्रारी वारंवार येतात. एक, ‘कमांड-लाइन टूल्स’ बसवलेली नाहीत. ती अँड्रॉइड स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमध्ये टिक करून घ्यावी लागतात. दुसरी, परवाने स्वीकारलेले नाहीत. त्यासाठी ‘फ्लटर डॉक्टर’च्या पुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘अँड्रॉइड-लायसेन्सेस’ असे टाइप करायचे आणि प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’ म्हणायचे.

यातले काहीच न बसवता नुसती चव घ्यायची असेल तर डार्टपॅड नावाचे संकेतस्थळ आहे. तिथे फ्लटरचा छोटा कोड ब्राउझरमध्येच चालतो. जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्यांनी सुरुवात तिथून करावी.

एक आज्ञा, पूर्ण ॲप

‘फ्लटर क्रिएट’ आणि त्यापुढे ॲपचे नाव एवढे दिले की फोल्डर तयार होते आणि त्यात चालू शकेल असे पूर्ण ॲप असते. एक ओळही लिहावी लागत नाही. नावाला मात्र नियम आहेत: इंग्रजी लहान अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर, बस्स. मोठे अक्षर, मधली जागा, हायफन, देवनागरी काहीही चालत नाही. ‘टेस्ट’ किंवा ‘फ्लटर’ हे नावही नाकारले जाते, कारण त्या नावांची पॅकेजेस आधीपासून आहेत. ॲपचे मराठी नाव पुढे वेगळ्या जागी देता येते.

याच वेळी आणखी एक गोष्ट ठरते, आणि ती बहुतेक जण पाहतही नाहीत. प्रत्येक अँड्रॉइड ॲपला जगावेगळी ओळख असते. वेगळे काही सांगितले नाही तर फ्लटर ती ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ने सुरू करते. स्वतःच्या फोनवर खेळायला हे पुरेसे आहे, पण प्ले स्टोअर अशी ओळख स्वीकारत नाही. शिवाय स्टोअरवर गेल्यावर ही ओळख बदलता येत नाही. बदलली तर ते वेगळेच ॲप ठरते. म्हणून ‘क्रिएट’सोबत ‘ऑर्ग’ हा पर्याय देऊन सुरुवातीलाच आपली ओळख घातलेली चांगली. नंतर ती फायलींमधून शोधून बदलणे शक्य असते, पण कटकटीचे असते.

तयार झालेल्या फोल्डरमध्ये खूप काही दिसते. त्यातले नवशिक्याच्या कामाचे दोन-तीनच. ‘लिब’ फोल्डरमधली ‘मेन डॉट डार्ट’ म्हणजे ॲपचा खरा कोड. ‘पबस्पेक’ ही फाइल म्हणजे किराण्याची यादी: बाहेरून कोणती पॅकेजेस आणायची ते तिच्यात लिहायचे. ‘अँड्रॉइड’ आणि ‘आयओएस’ ही फोल्डर्स त्या त्या फोनसाठीचे खोके आहेत. पहिल्या दिवशी त्यांना हात लावू नये.

पहिल्यांदा चालवताना

अँड्रॉइडचा आभासी फोन, म्हणजे एम्युलेटर, संगणकावर चालतो, पण तो मेमरी भरपूर खातो. साध्या लॅपटॉपवर खरा फोन जोडणेच हलके पडते. त्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट मारायचे. तसे केले की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा दडलेला विभाग उघडतो आणि त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करता येते. केबल जोडल्यावर फोनवर या संगणकावर विश्वास ठेवायचा का, असा प्रश्न येतो; त्याला होकार द्यायचा. काही कंपन्यांच्या फोनवर ‘यूएसबीवरून इन्स्टॉल’ची परवानगी निराळी द्यावी लागते.

‘फ्लटर डिव्हायसेस’ या आज्ञेने जोडलेल्या फोनचे नाव दिसायला हवे. दिसत नसेल तर सेटिंग्ज उलटसुलट करण्याआधी केबल बदलून पाहावी. बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबली पुष्कळ आहेत. त्यांतून वीज जाते, माहिती जात नाही.

आता फोल्डरमध्ये शिरून ‘फ्लटर रन’. पडद्यावर ‘ग्रेडल’ नावाचे काम चालू असल्याची एक ओळ येते आणि तिथेच थांबते. मिनिटे जातात. ओळ हलत नाही, लॅपटॉपचा पंखा घरघरतो. रीलमध्ये कापलेले दृश्य हेच. अँड्रॉइड ॲप बांधणारे ग्रेडल हे साधन पहिल्या वेळी स्वतःला आणि लागणारी सगळी सामग्री इंटरनेटवरून उतरवून घेते. संथ जोडणीवर याला पाव-अर्धा तासही लागू शकतो. या वेळी ते बंद पडले समजून खिडकी मिटणे ही सर्वांत महाग चूक आहे. अर्धवट उतरलेल्या फायली मागे राहतात आणि पुढच्या वेळी न कळणारी एरर येते. दुसऱ्या वेळेपासून तेच काम पुष्कळ कमी वेळात उरकते.

बटणामागचे गणित

फोनवर ॲप उघडते. मध्ये बटण किती वेळा दाबले हे सांगणारी इंग्रजी ओळ, खाली शून्य, कोपऱ्यात अधिकचे बटण. इतके साधे ॲप नमुना म्हणून का निवडले असेल? कारण फ्लटरची मूळ कल्पना त्यात पूर्ण येते.

फ्लटरमध्ये पडद्यावरची प्रत्येक गोष्ट ‘विजेट’ असते: अक्षरे, बटण, दोहोंमधली मोकळी जागासुद्धा. विजेट म्हणजे वस्तू नाही, वस्तूचे वर्णन. बटण दाबल्यावर आकडा साठवणारी संख्या एकने वाढते. पण नुसती संख्या वाढवून पडदा बदलत नाही. ‘सेट-स्टेट’ असे सांगावे लागते, म्हणजे ‘माहिती बदलली आहे, चित्र पुन्हा काढ’. मग फ्लटर नवे वर्णन मागवते, जुन्याशी ताडून पाहते आणि जिथे फरक असेल तेवढेच बदलते. ‘सेट-स्टेट’ काढून संख्या वाढवणारी ओळ तेवढी ठेवली तर बटण दाबूनही शून्य तसाच राहतो. संख्या मात्र आत वाढत असते. हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. नवशिक्यांच्या ॲपमधले ‘बदल झाला, पण दिसत नाही’ हे दुखणे बहुतेक वेळा इथलेच असते.

ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडले की आकडा शून्यावर येतो, कारण तो फक्त चालू मेमरीत असतो. टिकवायचा असेल तर ‘शेअर्ड प्रेफरन्सेस’सारखे पॅकेज घेऊन फोनच्या साठवणीत लिहावा लागतो.

ॲप चालू असताना ‘मेन डॉट डार्ट’मधला जांभळा रंग बदलून हिरवा करा असे कोडमधली टिप्पणीच सुचवते. टर्मिनलमध्ये लहान ‘आर’ दाबले की क्षणात रंग बदलतो, आणि आकडा सात झाला असेल तर सातच राहतो. याला हॉट रीलोड म्हणतात. फ्लटर लोकप्रिय होण्यात याचा वाटा मोठा आहे. पण याच्या नेमक्या उलट बाजूने फसगत होते. सुरुवातीचा शून्य बदलून दहा केला आणि लहान ‘आर’ दाबले तर काहीच होत नाही, कारण चालू स्थिती जपायची हेच त्याचे काम. त्यासाठी मोठे ‘आर’, म्हणजे हॉट रीस्टार्ट हवा. ‘अँड्रॉइड’ फोल्डरमध्ये काही बदलले असेल तर तोही पुरत नाही; ‘क्यू’ दाबून बाहेर पडायचे आणि पुन्हा ‘फ्लटर रन’.

हेच ॲप मराठीत

इंग्रजी ओळीच्या जागी मराठी वाक्य लिहिले की ते थेट दिसते. जोडाक्षरेही नीट येतात. ॲपच्या चिन्हाखालचे नाव बदलायला ‘अँड्रॉइड मॅनिफेस्ट’ फाइलमधले ‘लेबल’ शोधायचे. तिथे देवनागरी चालते. आकडा मात्र इंग्रजीच राहतो. त्यासाठी ‘इंटल’ हे पॅकेज घ्यायचे आणि ‘नंबर-फॉरमॅट’ला मराठीचा ‘एमआर’ हा संकेत द्यायचा. मग ७ असे तर दिसतेच, शिवाय स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशोबाने, १२,३४,५६७ असे पडतात.

इथे एक गंमत होते. प्रत्येक नव्या ॲपबरोबर ‘टेस्ट’ फोल्डरमध्ये एक छोटी चाचणी येते. ‘फ्लटर टेस्ट’ म्हटले की ती पडद्यावर इंग्रजी शून्य शोधते, अधिकचे बटण स्वतः दाबते आणि इंग्रजी एक दिसतो का ते पाहते. आकडे मराठी केले की ही चाचणी नापास होते. ॲप बरोबर असते आणि चाचणी जुन्या अपेक्षेवर अडून बसलेली असते. अशा वेळी चाचणी पुसून टाकण्याचा मोह होतो. तिच्यातले आकडे देवनागरी केले की काम भागते.

जुने नमुने का चालत नाहीत?

काउंटरनंतर लोक इंटरनेटवरचे तयार नमुने उतरवतात. २०१९-२० मधला एखादा व्हिडिओ पाहून जसाच्या तसा कोड लिहिला तरी लाल रेघांचा सडा पडतो. दोष शिकणाऱ्याचा नसतो. मार्च २०२१ मध्ये डार्टने ‘नल सेफ्टी’ आणली, म्हणजे एखादी जागा रिकामी राहू शकते की नाही हे कोडमध्ये आधीच सांगायचे. मे २०२३ मधल्या डार्ट ३ पासून ते सक्तीचे झाले, त्यामुळे त्याआधीच्या पद्धतीचा कोड आता चालतच नाही. ‘रेझ्ड बटन’ आणि ‘फ्लॅट बटन’ ही जुन्या व्हिडिओंमधली नेहमीची विजेट्सही गेली. त्यांच्या जागी ‘एलिव्हेटेड बटन’ आणि ‘टेक्स्ट बटन’ आली. त्यात जावा आणि ग्रेडलच्या आवृत्त्या जुळत नसल्या तर एररही अशी येते की वाचून काही बोध होत नाही. नमुना निवडताना त्याची तारीख पाहावी. फ्लटरच्या टीमने गिटहबवर ठेवलेला ‘सॅम्पल्स’ हा संग्रह त्या मानाने ताजा ठेवला जातो.

व्हॉट्सॲपवर एपीके पाठवण्याआधी

पहिले ॲप चालले की ते मित्रांना पाठवायची घाई होते, आणि खरे नुकसान इथेच होऊ शकते.

‘फ्लटर रन’ने फोनवर जाते ती डीबग आवृत्ती. कोपऱ्यातली ‘डीबग’ची तिरकी पट्टी हीच तिची खूण. ती आकाराने फुगलेली आणि वागायला संथ असते, कारण हॉट रीलोडची सगळी यंत्रणा तिच्यात असते. फ्लटरची ॲप जड असतात, असे मत पुष्कळदा हीच आवृत्ती पाहून बनते. वाटायची ती रिलीज आवृत्ती: ‘फ्लटर बिल्ड एपीके’. तिच्यात डार्टचा कोड आधीच प्रोसेसरच्या भाषेत उतरवलेला असतो.

रिलीज करताना इंटरनेट वापरणारे ॲप अचानक मुके होते, हाही नेहमीचा अनुभव. फ्लटरच्या साच्यात इंटरनेटची परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये असते. मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती स्वतः लिहावी लागते. एका ओळीचे काम, पण माहीत नसेल तर दोन दिवस खाते.

सगळ्यांत जपायची गोष्ट म्हणजे सही. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर डिजिटल सही असते, आणि नवी आवृत्ती जुन्यावर बसवताना फोन दोन्ही सह्या जुळवून पाहतो. फ्लटरचा साचा सोयीसाठी रिलीज आवृत्तीवरही त्या संगणकाच्या डीबग किल्लीनेच सही करतो. ही किल्ली प्रत्येक संगणकावर वेगळी असते. समजा, कोणी घरच्या दुकानाच्या उधारीचे ॲप बनवले, एपीके पाठवली आणि दुकानात सहा महिने नोंदी झाल्या. मग लॅपटॉप फॉरमॅट झाला, जुनी किल्ली गेली. ॲपमधली चूक सुधारून नवी एपीके पाठवली तर फोन ती जुन्यावर बसवूच देत नाही. जुने ॲप काढून टाकले तरच नवे बसते, आणि ॲप काढले की फोनमधल्या नोंदीही जातात. सहा महिन्यांची उधारी कोणाकडे किती, हे मग आठवणीवर.

म्हणून ॲप दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार असेल तर आधी स्वतःची किल्ली तयार करावी, तिची प्रत आणि पासवर्ड संगणकाबाहेर ठेवावेत, आणि किल्ली कधीही गिटहबवर चढवू नये. प्ले स्टोअरवर जाणाऱ्यांना थोडा दिलासा आहे: तिथे अंतिम सहीची किल्ली गूगलकडे राहते आणि अपलोडची किल्ली हरवली तर नवी मागता येते. प्ले स्टोअरच्या खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणीही करून घ्यावी लागते.

आयफोनवर

कोड तोच चालतो, पण बांधायला मॅक आणि त्यावर एक्सकोड हवेच. विंडोजवरून आयफोनचे ॲप थेट बांधता येत नाही. विनामूल्य ॲपल खात्यावर स्वतःच्या फोनवर ॲप घालता येते, मात्र ते सात दिवसांनी उघडायचे थांबते आणि पुन्हा घालावे लागते. ॲप स्टोअरसाठीचे खाते वर्षाला ९९ डॉलरचे आहे. ज्यांच्याकडे आयफोन आहे पण मॅक नाही, त्यांनी ‘फ्लटर रन’ क्रोम ब्राउझरसाठी चालवून सराव करावा. काउंटर तिथेही तसाच मोजतो.